खोलीला चार तारे, नियमांना दोन: ऑफिसच्या इमारतीतलं पाळणाघर

2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याला, राज्यातले कोविडचे निर्बंध उठले आणि ‘सोमवारपासून ऑफिसला या’ असे मेल सुटले. दोन वर्षांत सोसायट्यांमधली बरीच घरगुती पाळणाघरं बंद पडलेली, मदतीला आलेली आजीही गावी परतलेली. अशा वेळी अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिस इमारतीत चार-पाच कंपन्यांचं सामायिक पाळणाघर पुन्हा उघडलं. नाव मुद्दाम देत नाही. यातलं बरंच इतर इमारतींनाही लागू पडेल.

आधी खोली. तळमजल्यावर, साधारण 300 चौरस फूट, दाराशी चपलांचं कपाट आणि हात धुवायला मुलांच्या उंचीचं बेसिन. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना एका मुलामागे किमान 10 ते 12 चौरस फूट सांगतात. त्या हिशेबाने इथे 25 मुलं बसतात, पण एक छोटी गादीच 8 चौरस फूट खाते. दुपारी सगळी झोपली की मावशींना पाय ठेवायला जागा नाही. म्हणून सध्या 14 मुलंच घेतात, हे शहाणपणाचं आहे. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मावशी हे प्रमाणही पाळतात. प्रत्येक गादीला नाव शिवलेलं, चादर रोज घरी जाते. दारातली ताप मोजायची बंदूक मात्र शोभेची. एसी गाडीतून उतरलेल्या मुलाचं कपाळ गार लागतं आणि आकडा कमी दाखवतो. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा, असं सांगावं लागतं.

लॉकडाऊनमध्ये जन्मलेलं मूल परक्या माणसाच्या कडेवर कधी गेलेलंच नव्हतं. इथे रुळायला तीन दिवस देतात, ते अपुरे आहेत. पहिल्या आठवड्यात रोज एक तास आणि आई खोलीत, दुसऱ्या आठवड्यात जेवणापर्यंत आणि आई बाहेर, तिसऱ्यात झोपेसकट, असा क्रम मागून घ्या. झोपेचा टप्पा शेवटी ठेवा, कारण परक्या जागी जाग आल्यावरचं रडणंच सगळ्यात अवघड असतं.

खरी अडचण खोलीबाहेर सुरू होते. ताप आलेलं मूल 48 तास येऊ द्यायचं नाही, हा नियम बरोबरच. पण ते दोन दिवस कुणाच्या रजेतून जायचे? बहुतेक कंपन्यांची आजारपणाची रजा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारासाठी असते. तेवढे दोन दिवस घरून काम करू देण्याचं नोंदणीच्या आधी मेलवर लिहून घ्या. तोंडी ‘बघू’ला अर्थ नाही.

मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये घातलेलं 11-अ कलम सांगायचं (नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे नियम आहेत) की 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला, विश्रांतीची सुट्टी धरून, दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायच्या दोन सुट्ट्या त्याच कायद्याच्या 11 व्या कलमात होत्या, त्या विश्रांतीच्या सुट्टीखेरीज मिळायच्या. इथे घोळ हजेरीच्या कार्डाचा आहे. मजल्यावरून खाली जाताना कार्ड लावलं की यंत्र ‘बाहेर’ नोंदवतं आणि ती मिनिटं कामाच्या तासांतून वजा होतात. मग चारच्या दोन फेऱ्या होतात, दोनची एक. उपाय सोपा आहे: पाळणाघराच्या दाराचं यंत्र हजेरीच्या यादीत ‘आत’ धरायला सांगा. एका सेटिंगचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

आणि सगळ्यात मोठी खोट: नोंदणीची लिंक फक्त कंपनीच्या ईमेलवर येते. इमारत झाडणाऱ्या, पँट्री सांभाळणाऱ्या बायकांकडे तो ईमेल नसतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या ‘स्त्री’च्या व्याख्येत थेट नेमलेली आणि एजन्सीमार्फत नेमलेली, दोघी येत होत्या. तरी 14 जागांची यादी भरते ती वरच्या मजल्यांवरूनच. मुलं सांभाळणाऱ्या मावशींची स्वतःची मुलं कुठे असतात, हेही विचारून बघा.

फी कंपनी भरते. दुपारचं जेवण आणि सातनंतरचा प्रत्येक अर्धा तास पालकांच्या पगारातून कापतात. पावसाळ्यात लोकल रखडली की हा आकडा फुगतो. शिवाय कल्याण किंवा विरारहून गर्दीच्या वेळी मूल घेऊन येणं बहुतेकींना झेपणारं नाही. त्यांना घराजवळच्या पाळणाघराची फी कंपनीकडून मिळाली तर जास्त उपयोगी. कंपनीने द्यायची तयारी दाखवली तर इथली जागा अडवू नका.

नोंदणीला जाताना मुलाचं लसीकरण कार्ड, न्यायला येणाऱ्या दोघांचे फोटो आणि मुलाला काय सोसत नाही याची यादी न्या. सोबत एचआरला दोन प्रतींत पत्र द्या: चार फेऱ्या, कार्डाची नोंद, तापाचे दिवस, एजन्सीच्या बायकांना कागदी अर्ज. एका प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. पुढे कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करायची वेळ आली तर तीच प्रत जोडायची असते.