ग्रेप की रिपग्रेप?

फाइलींमधला मजकूर शोधणाऱ्या या दोन्ही कमांड वापरून झालेत, त्यामुळे वेगाचा वाद आधीच मिटवतो: रिपग्रेप पुढे आहे. आमच्या मोठ्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ग्रेप -आर, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शोध, लावून मी पाण्याची बाटली भरून यायचो. आरजी, म्हणजे रिपग्रेपची कमांड, एंटरवरून बोट उचलेपर्यंत उत्तर देतं. व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये सर्च करत असाल तर आत तेच चालतं, म्हणजे तुम्ही नकळत त्याचं गिऱ्हाईक आहातच.

मराठी मजकुराच्या बाबतीतही त्याला एक गुण जास्त. सर्व्हरवर लोकेल (भाषेची सेटिंग) 'सी' असेल तर ग्रेपचा टिंब, म्हणजे 'इथे काहीही एक चिन्ह चालेल' ही खूण, एक बाइट मोजतो, आणि आपला काना यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचा. 'क.म' शोधलं तर 'काम' हाती लागत नाही. आरजीला लागतं.

एवढं असून माझा हात ग्रेपकडेच जातो, तो एका रात्रीमुळे. एसएमएस गेटवेचा पत्ता बदलायचा होता. आरजीने सात जागा दाखवल्या, सातही बदलल्या आणि झोपलो. सकाळी कुणालाच ओटीपी जाईना. आठवी जागा डॉट ईएनव्ही या सेटिंग्जच्या फाइलमध्ये होती. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती लपलेली, शिवाय गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, तिची नोंद. आरजीने ती मुकाट्याने गाळली. चूक माझीच म्हणा, मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलंय. -यूयू दिलं की दोन्ही गाळण्या निघतात. पण ते द्यायला आधी शंका यावी लागते, आणि समोर सात ओळी दिसत असताना ती येते कुणाला?

ग्रेपचा जाच उलटा. नोड मॉड्यूल्स या बाहेरून आणलेल्या कोडच्या फोल्डरमधली मिनिफाय केलेली, म्हणजे सगळा कोड दाबून बसवलेली, एकच ओळ अख्खं टर्मिनल भरून टाकते. वैताग येतो खरा, पण निदान दिसतो तरी. शिवाय १९७३ सालचं हे हत्यार लिनक्सच्या सर्व्हरवर सहसा असतंच. २०१६ चं रिपग्रेप बहुतेकदा मुद्दाम टाकून घ्यावं लागतं, आणि प्रॉडक्शनच्या चालू सर्व्हरवर त्यासाठी तिकीट काढा, मंजुरीची वाट बघा.

दिवसभर कोडच वाचायचा असेल तर खुशाल आरजी घ्या. पत्ता, पोर्ट, पासवर्ड बदलायला निघालात तर शेवटची फेरी तेवढी ग्रेपने मारा. माझ्या बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंग्जच्या फाइलीत) एक अलियास, म्हणजे कमांडचं टोपणनाव, आहे: ग्रेप -आरएन, फक्त नोड मॉड्यूल्स आणि डॉट गिट सोडून. काय सोडलंय ते मला पाठ आहे.