व्हीएलसी की एमपीव्ही? फुकटातला कुठला व्हिडिओ प्लेयर टाकायचा

दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), जाहिराती नाहीत, कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्राम) वेगळे शोधत बसायला लागत नाही. मग फरक काय तर व्हीएलसीला मेनू आहे, सगळं माउसने होतं आणि सबटायटल मागेपुढे असतील तर जी आणि एच दाबून जुळवता येतात, शिवाय फाइल कन्व्हर्ट पण करून देतो आणि मोबाइलवरही चालतो. 2001 पासून ओपन सोर्स आहे, त्यामुळे काही अडलं की उत्तर कुठेतरी सापडतंच.

एमपीव्ही म्हणजे नुसती खिडकी, मेनू जवळपास नाहीच, सेटिंग करायची तर टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, घरच्यांना हे देऊ नका बाबा, फोन तुम्हालाच येतील! पण कीबोर्डवाल्यांना मजा आहे, स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे जातो, व्हीएलसी 3 मध्ये फक्त पुढेच जाता येतं. शिफ्ट आणि क्यू दाबून बंद केला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू. यूट्यूबची लिंक पण चालते, फक्त वायटी-डीएलपी (यूट्यूबवरून व्हिडिओ घेणारा वेगळा प्रोग्राम) टाकलेलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर सरळ व्हीएलसी टाका, एमपीव्ही हौस असेल तरच.