रिकव्हरी ड्राइव्ह की इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखान्यात बिले आणि जीएसटीचे काम ज्या एकाच संगणकावर चालते, त्यासाठी विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बिघडलेले विंडोज दुरुस्त करण्यासाठी त्याच संगणकावरून बनवलेला पेनड्राइव्ह, मला अधिक योग्य वाटतो. तो करताना सिस्टिम फायलींच्या बॅकअपसमोरची खूण राहू दिली, तर त्याच यंत्रावर विंडोज साधारणतः उत्पादकाच्या ड्रायव्हरसह (वायफायसारखे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसह) पुन्हा बसवता येते. खूण काढली, तर तो केवळ दुरुस्तीपुरता उरतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्यावा आणि संगणक धडधाकट असतानाच हे काम उरकावे.

विंडोज नव्याने बसवण्याच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हला ८ जीबी पुरतात आणि आपला संगणक बंद पडल्यावरही तो दुसऱ्याच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूल या प्रोग्रामने करता येतो. मात्र नंतर वायफायचा ड्रायव्हर कधीकधी वेगळा शोधावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांचे लॅपटॉप असलेल्या घरी हाच सोयीचा.

दोन्ही प्रकारांत पेनड्राइव्हवरचा जुना मजकूर पुसला जातो आणि आपल्या हिशेबाच्या फायली कोणत्याच प्रकारात जपल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण दुरुस्तीच्या वेळी ती मागितली जाऊ शकते.