एसएम५७ वर गिटार अँप: ६०० ओहम की २४००?

शुअर एसएम५७ या माइकचा स्वतःचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) साधारण ३१० ओहम असतो आणि आत ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) लोड, म्हणजे त्याच्या इनपुटचा इम्पीडन्स, बदलला की आवाजाच्या पातळीबरोबर टोनही थोडा हलतो. फोकसराइट आयएसए वन या प्रीअँपवर लोड बदलायच्या बटणाला ६००, १४००, २४०० आणि ६८०० ओहम अशा चार जागा आहेत.

६०० वर वरची कर्कश धार बोथट होते. डिस्टॉर्शनचा गिटार टोचत असेल तर इथून सुरुवात करा. २४०० वर माइक नेहमीसारखा वाजतो. ६८०० वर वरचा भाग आणखी मोकळा होतो. क्लीन आर्पेजिओला (कॉर्डचे सुटे वाजवलेले सूर) तो शोभतो, हाय-गेनला (जास्त डिस्टॉर्शनच्या आवाजाला) बहुधा नको वाटतो.

तुलना करताना हमखास फसगत होते ती पातळीमुळे. २४०० वरून ६०० वर आलात की सिग्नल जवळपास अडीच डीबीने उतरतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. तेव्हा आधी गेन वाढवून पातळी जुळवा. शक्य असेल तर एकच डीआय टेक (गिटार थेट जोडून केलेलं रेकॉर्डिंग) रीअँप करून, म्हणजे पुन्हा अँपमधून सोडून, प्रत्येक सेटिंगला वाजवा, म्हणजे हाताचा फरक मध्ये येणार नाही.

बटण नसलेल्या प्रीअँपचं काय? त्याचा इनपुट २४०० ओहमचा असेल, तर एका आखूड एक्सएलआर केबलमध्ये पिन २ आणि ३ यांच्यामध्ये ८२० ओहमचा, पाव वॉटचा, एक टक्क्याचा रेझिस्टर सोल्डर करा. लोड सुमारे ६१० ओहम होतो. रेझिस्टरचे पाय पिन १ ला टेकू देऊ नका, वर श्रिंक स्लीव्ह चढवा आणि केबलला लाल टेप लावा. ती कंडेन्सर माइकला चुकून लागली तर हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळीक) घटतो.

रिबन माइकला तर ही केबल नकोच. रॉयर आर-१२१ ला १५०० ओहमच्या वरचा लोड लागतो. त्याखाली बास पातळ होतो.

फक्त या बटणासाठी नवा प्रीअँप घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधोमध असलेल्या घुमटीच्या) मध्यापासून कडेकडे माइक दोन-तीन सेंटिमीटर सरकवला तर याहून मोठा फरक पडतो. आधी जागा पक्की करा, मग लोड बदला. गिटार थेट लावणार असाल तर हे सगळं विसरा: पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला एक मेगओहमचा इन्स्ट्रुमेंट इनपुटच हवा, माइक इनपुटवर ट्रेबल मरतो.