काच फोडण्याची हातोडी: पावसाळ्यात गाडीत असावीच

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे दरवाजे न उघडल्याने काही जण आतच गुदमरून गेले. ती आठवण पुसली गेलेली नसल्याने यंदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मी ही हातोडी घेतली. शेजारच्या भंगारवाल्याच्या परवानगीने एका जुन्या दाराच्या काचेवर, अगदी कोपऱ्यात, मारून पाहिले, तर दुसऱ्याच घावात सगळी काच खडीसाखरेसारखी खाली सांडली. मुठीतल्या पात्याने सीटबेल्टचा जुना पट्टाही एका ओढीत कापला गेला. समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे तेथून या हातोडीने वाट काढता येत नाही, आणि काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात, हे दुकानदाराने आपणहून सांगायला हवे होते. सोबतचा स्टँड मात्र अगदीच तकलादू आहे. त्याची चिकटपट्टी आठवड्यातच सुटली. हातोडी सीटखाली घरंगळली, तर ऐन वेळी तिचा काय उपयोग? मी तो स्टँड स्क्रूने चालकाच्या हाताशी पक्का बसवून घेतला आहे.