लाल पेशींची पिशवी: रक्तगट कळतो, डोस कळत नाही

जबर रक्तस्राव झालेल्या जखमी रुग्णासाठी रक्तपेढीतून येणाऱ्या लाल पेशींच्या पिशवीकडे औषध म्हणून पाहिलं, तर मोठी उणीव लेबलवरच दिसते. रक्तगट, रक्त काढल्याची तारीख, मुदत, तपासण्या, सगळं छापलेलं असतं. आत हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, ते मात्र बहुधा नसतं. गोळीवर मिलिग्रॅम न छापता ती विकली, तर कोणी खपवून घेईल का?

फरक किरकोळ नाही. 13 हिमोग्लोबिन (100 मिलि रक्तात 13 ग्रॅम) असलेल्या दात्याच्या 450 मिलि रक्तात साधारण 58 ग्रॅम हिमोग्लोबिन असतं, 17 असलेल्याच्या रक्तात 76. प्रक्रियेत दोन्हीकडे थोडी घट होते, पण तफावत राहतेच, आणि दोन्ही पिशव्या 'एक युनिट' म्हणूनच मोजल्या जातात. स्त्रियांचं हिमोग्लोबिन सरासरीने कमी असल्याने त्यांच्या पिशवीत मालही सरासरीने कमी. म्हणून 'एका पिशवीने हिमोग्लोबिन 1 ने वाढतं' हा ठोकताळाच समजावा. दाता आणि रुग्णाची अंगकाठी, दोन्हींवर तो हलतो.

स्त्रीचं किंवा तरुण दात्याचं रक्त घातक ठरतं का, यावर बरीच चर्चा झाली. काही जुन्या नोंदींत तसा संबंध दिसला होता. पण त्यात एक सापळा आहे. ज्याची जखम गंभीर त्याला पिशव्या जास्त, आणि वीस पिशव्या लागलेल्या रुग्णाच्या वाट्याला एखादा तरुण दाता, एखादी स्त्री दाता येणारच. मृत्यू जखमेमुळे होतो आणि दोष दात्याच्या माथी बसतो. पिशव्यांची संख्या हिशेबात नीट धरली नाही, तर आकडे हमखास फसवतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत 8,719 रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या लाल पेशी दिल्या गेल्या. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ती चाचणी केवळ जखमींवर नव्हती, हे ध्यानात ठेवावं. तरीही लाल पेशी मागवताना दात्याचं लिंग विचारत बसण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाची, गोष्ट वेगळी, आणि तिथे दाता खरोखर महत्त्वाचा. गरोदरपणात स्त्रीच्या रक्तात एचएलए अँटिबॉडी (दुसऱ्याच्या पेशींवरच्या खुणांवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार होऊ शकतात. त्या प्लाझ्मातून रुग्णात गेल्या, तर सहा तासांच्या आत फुप्फुसात पाणी साचू शकतं, ऑक्सिजन झपाट्याने घसरू शकतो. रक्त चढवल्यामुळे फुप्फुसाला होणाऱ्या या तीव्र इजेला ट्राली (TRALI) म्हणतात. ब्रिटनने 2003 पासून प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना प्राधान्य दिलं आणि हे प्रमाण घटलं. आपल्या रक्तपेढीचं याबाबतचं धोरण काय, हे आणीबाणी येण्याआधीच विचारून ठेवावं.

साठवणुकीबद्दल थोडक्यात: योग्य द्रावणात 2 ते 6 अंश सेल्सिअसला पिशवी 42 दिवस टिकते. जुन्या पिशवीत पोटॅशियम वाढतं, पण ताजं विरुद्ध जुनं रक्त या मोठ्या चाचण्यांत मृत्यूदरात फरक दिसला नाही.

दात्यापेक्षा घात जास्त होतो तो खाटेपाशी. थंडगार पिशव्या वॉर्मरशिवाय (रक्त कोमट करणाऱ्या यंत्राशिवाय) धडाधड चढवल्या की रुग्ण गारठतो आणि रक्त गोठेनासं होतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम खेचतं. आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम वारंवार तपासून भरपाई करावी. रक्ताच्याच नळीतून रिंगर लॅक्टेट (शिरेतून देण्याचं एक क्षारयुक्त द्रावण) सोडू नये: त्यातल्या कॅल्शियममुळे नळीत गुठळ्या होऊ शकतात. सोबत नॉर्मल सलाईनच लावावं.