‘डोळ्यांना काहीतरी होतंय’ : नाशिकमधील एका नेत्रचिकित्सालयाच्या तपासणीविषयी

नेत्रचिकित्सालयात ‘काय त्रास होतो?’ असे विचारल्यावर बहुतेक रुग्ण जे सांगतात, त्यावरून निदान तर सोडाच, तपासणी कोठून सुरू करावी हेही ठरत नाही. ‘डोळे जड वाटतात’, ‘बरोबर दिसत नाही’, ‘नंबर वाढला असेल’, नाहीतर नुसतेच ‘सहज दाखवून घ्यावं म्हटलं’. नाशिकमधील ज्या खासगी चिकित्सालयाविषयी मी लिहीत आहे, तेथे आमच्या घरातील सर्वांचे डोळे तपासले जातात, आणि अशा मोघम तक्रारींची तेथे ज्या चिकाटीने उकल केली जाते, तेवढ्यासाठीच हे ठिकाण मी इतरांना सुचवतो.

माझ्या आईचे उदाहरण सांगतो. तिची तक्रार ‘दिसतं, पण पूर्वीसारखं नाही’ एवढीच होती. याआधी एका दुसऱ्या ठिकाणी तिला थेट संगणकावर नंबर काढण्यासाठी बसवले, छापील चिठ्ठी हातात दिली आणि नवा चष्मा करायला सांगितले. तो चष्मा आल्यावरही तक्रार होती तशीच राहिली. येथील ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी व चष्म्याचा नंबर तपासणाऱ्या) ताईंनी प्रथम आईचे वाक्य तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेतले आणि मग एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. काकू, दोन्ही डोळ्यांना होतं की एकाच? एक डोळा झाकून पाहिलंत का? जवळचं धूसर दिसतं की लांबचं? पापण्या मिटून उघडल्या की क्षणभर स्वच्छ होतं का? हळूहळू झालं की एकदम? या प्रश्नांतून असे निघाले की आईला दिवसा फारसा त्रास नव्हता. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मात्र पसरून दिसत आणि रस्ता ओलांडण्याची भीती वाटे. बोलता बोलता तिने आनंदाने हेही सांगितले की अलीकडे चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागली आहे. आम्ही घरच्यांनी ही सुधारणा मानली होती. डॉक्टरांनी मात्र समजावून सांगितले की मोतीबिंदूमुळे डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा मधला भाग घट्ट होऊ लागला की उणे नंबर वाढत जातो आणि काही काळ जवळचे वाचन सोपे होते. पुढे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तेच दिसले. निदानाचा धागा तक्रारीत नव्हताच, तो आईला चांगल्या वाटलेल्या गोष्टीत होता, आणि प्रश्न विचारले नसते तर तो हाती लागला नसता.

एकाच मोघम वाक्यामागे किती वेगवेगळी कारणे असू शकतात, हे पाहिले म्हणजे या विचारपुशीचे मोल कळते. ‘डोळे जड वाटतात’ असे म्हणणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला कदाचित जवळच्या चष्म्याची गरज असते. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याच्या पापण्यांची उघडझाप कमी झाल्याने डोळे कोरडे पडलेले असतात, आणि अशा कोरड्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते, म्हणून रुग्ण ‘डोळ्यांतून पाणी येतं’ एवढेच सांगतो. ‘दोन-दोन दिसतं’ म्हणणाऱ्याने एक डोळा झाकल्यावरही दोनच दिसत असतील, तर कारण बहुधा नंबरात किंवा भिंगात असते. झाकताच एक दिसू लागले, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नसते आणि तपासणीचा रोख स्नायूंकडे व नसांकडे वळवावा लागतो. ‘डाव्या डोळ्याने दिसत नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या रुग्णाला कधी कधी दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू दिसत नसते, आणि त्याचे मूळ डोळ्यात नसून मेंदूत असते.

‘सहज आलो’ म्हणणाऱ्याचीही येथे पूर्ण तपासणी होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. काचबिंदूच्या, म्हणजे डोळ्याच्या नसेची हानी करणाऱ्या आजाराच्या, सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात वेदना नसते, समोरचे स्वच्छ दिसत असते आणि नजर कडेकडेने कमी होत जाते, त्यामुळे सांगण्यासारखी तक्रार रुग्णाकडे नसतेच. डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून डॉक्टर डोळ्याच्या मागच्या बाजूला दिसणारे नसेचे टोक पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडत नाहीत आणि घरात कोणाला काचबिंदू होता का, हे आवर्जून विचारतात. मधुमेह असलेल्यांना 6/6, म्हणजे तक्त्यावरचे अगदी सामान्य नजरेसारखे, दिसत असले तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यायला सांगितले जाते. नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्यांनाही चांगले शिकवलेले आहे. अचानक दिसेनासे होणे, डोळ्यापुढे विजा चमकणे, नव्याने पुष्कळ काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही कोणी सांगितले की त्याला रांगेत न ठेवता लगेच आत पाठवतात.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिली विचारपूस बाहेरच्या उघड्या टेबलावर होते, आसपास माणसे बसलेली असतात, आणि वयस्कर स्त्रिया अशा ठिकाणी मोकळेपणाने बोलत नाहीत. ‘विशेष काही नाही’ या उत्तरामागे पुष्कळदा हा संकोच असतो. एखादी छोटी खोली यासाठी राखून ठेवणे फार अवघड नसावे. सोबतचे नातेवाईक रुग्णाऐवजी उत्तरे देऊ लागले की ताई त्यांना सौम्यपणे थांबवतात, पण गर्दीच्या दिवशी तेवढा वेळ मिळत नाही. वेळ अगोदर ठरवूनही पुष्कळ थांबावे लागते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, तरीही फोनवर वेळ देताना ‘सोबत कोणीतरी आणा, स्वतः गाडी चालवत येऊ नका’ ही सूचना दिली जात नाही. एकट्याने दुचाकीवर आलेले तरुण मग संध्याकाळपर्यंत अडकून पडतात. चष्म्याचे दुकान त्याच इमारतीत आहे, मात्र चष्मा तेथूनच घ्यावा असा आग्रह कोणी धरत नाही.

येथे जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, जुने चष्मे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंब पूर्वी घेतले असतील तर तेही सांगावे, कारण त्यांमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो. त्रास नेमक्या शब्दांत मांडता येत नसेल, तर तो केव्हा होतो आणि त्या वेळी आपण काय करत असतो, एवढे सांगितले तरी पुढचे प्रश्न तेथे विचारले जातात.